बाबांचा संगणक आणि मोडीचे कागद : कामाची नोंदवही

शनिवार, ८ मार्च २०२५

आजपासून बाबांच्या संगणकाचं काम हातात घेतलं. मी इंदूरजवळ पीथमपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे कुठल्याही मशिनचा स्क्रू सैल करण्याआधी वही उघडायची असते : तक्रार काय, आकडे काय, याआधी कोणी काय केलं. घरच्या मशिनला ही शिस्त आजवर लावली नव्हती, म्हणून ही वही.

तक्रार बाबांच्याच शब्दांत : "चार पानं उघडली की हा बसतो. पाचवं उघडायचं धाडस होत नाही."

पानं म्हणजे मोडी कागदांचे स्कॅन. घरात एक जुनी ट्रंक आहे, तिच्यात लाल रुमालात बांधलेले कागद. देणीघेणी, बैलांची खरेदी, विहिरीचा वाटा, असंच सगळं. बाबा निवृत्तीनंतर मोडी शिकले आणि आता एकेक कागद बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवतात. डावीकडे स्कॅन, उजवीकडे टायपिंग. मोडीत अक्षर अडलं की त्याच लेखनिकाने ते दुसऱ्या कागदावर कसं काढलंय ते बघावं लागतं, म्हणून आणखी दोन-तीन पानं शेजारी उघडी लागतात. ३१ मेला अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं होतात. त्या निमित्ताने निघणाऱ्या अंकासाठी होळकरशाहीतल्या घरगुती कागदांवर लेख द्यायचं बाबांनी कबूल केलंय. मुदत एप्रिलअखेर.

मशिन : २०१३ मध्ये जुळवून घेतलेलं. इंटेल कोअर आय-थ्री ३२२०, दोन कोअर, ३.३ गिगाहर्ट्झ. एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड. ४ जीबी डीडीआर-थ्री मेमरी, एकच पट्टी. ५०० जीबीची ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क. आधी विंडोज ७, मग २०१६ मध्ये फुकट मिळालेलं विंडोज १०.

फोनचं स्टॉपवॉच लावून घेतलेले आकडे :
बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत २ मिनिटं ५० सेकंद.
खरोखर काम करता येईपर्यंत, म्हणजे फोल्डरवर टिचकी मारली की दोन सेकंदांत उघडेल इतपत, ६ मिनिटं ४० सेकंद.
एक स्कॅन उघडायला ४१ सेकंद. चौथा उघडायला २ मिनिटं १० सेकंद.

पहिल्या आकड्यात एक गोष्ट मिसळलेली आहे. चालू करताना काळ्या पडद्यावर एफ-१ दाबा म्हणून सूचना येते आणि बाबा शांतपणे ते दाबतात. "रोजचंच आहे," म्हणाले. कधीपासून विचारलं, तर "दोन पावसाळे झाले असतील." पडद्यावरच्या घड्याळात तारीखही १ जानेवारी २०१२ होती, इंटरनेट जोडल्यावर सुधारली. मदरबोर्डवरचा सेल गेलाय. मधल्या काळात बाबांना बँकेचं पान उघडताना "ही साइट सुरक्षित नाही" असं दिसायचं, त्याचं मूळही हेच. तारीख चुकली की सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राची मुदत ब्राउझरच्या हिशेबात बसत नाही.

रविवार, ९ मार्च

सकाळी पोहे खाऊन बसले. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि बाबांना नेहमीसारखं काम करायला सांगितलं. मी फक्त बघत होते.

प्रोसेसर १२ ते २० टक्के. मेमरी ३.३ जीबी भरलेली, अजून एकही पान उघडलं नसताना. डिस्क १०० टक्के, आणि तिथून हलतच नाही. प्रत्येक मागणीला उत्तर द्यायला सरासरी ९०० मिलिसेकंद लागताहेत. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्कच्या दारात रांग लागलीय.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने "प्रोसेसर जुना झाला, नवीन घ्या" असं सांगितलं होतं, आणि जाता जाता वेग वाढवणारी म्हणून दोन सॉफ्टवेअरं टाकून दिली होती. ती दोन्ही चालू होताच मेमरीत येऊन बसतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजने ठेवलेली मांडणीची वही, साफ केल्याने वेग वाढल्याचं मी एकदाही मोजून पाहिलेलं नाही. दोन्ही काढली. मुदत संपलेला एक अँटीव्हायरस होता, तोही काढला. तो गेल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा झाला, या घराला तेवढा पुरे. स्टार्टअपच्या यादीत १७ नावं होती. स्कॅनर, कीबोर्ड आणि आवाज ठेवले, बाकीची बंद केली.

पुन्हा मोजलं : काम करता येईपर्यंत ४ मिनिटं ५५ सेकंद. एक पैसा खर्च न करता पावणेदोन मिनिटं वाचली, पण चौथं पान उघडायला अजून दोन मिनिटं लागतातच.

पानांचं गणितही मांडून पाहिलं. बाबा ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० बिंदू धरून, रंगीत स्कॅन करतात. ए-फोर आकाराच्या पानाचे तेव्हा ४९६० गुणिले ७०१६ बिंदू होतात, म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास. प्रत्येक बिंदूला तीन बाइट. एक पान सुमारे १०० एमबी. फाइल दाबून लहान केली तरी पडद्यावर दाखवताना ती मेमरीत पूर्ण उलगडावीच लागते. चार पानं म्हणजे ४०० एमबी, आणि मेमरीत आधीच जागा नाही. मग विंडोज मेमरीतला माल उचलून हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. ज्या डिस्कच्या दारात रांग आहे, तिलाच ही हमालीही करावी लागतेय.

डिस्क इतकी मागे का पडते, हे बाबांना मी ताटलीवर बोट फिरवून दाखवलं. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात सुई एका रेघेवरून दुसरीवर न्यायचा वेळ. विखुरलेले लहान तुकडे वाचायचे तर सेकंदाला ८०-१०० च्या वर जात नाही. एसएसडीत, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच, तिथे हाच आकडा हजारांत जातो. बाबा म्हणाले, "म्हणजे हा दर अक्षराला ट्रंकेपर्यंत जाऊन येतोय." अगदी तसंच.

तरी ९०० मिलिसेकंद मला जास्त वाटतात. जुनी असली तरी निरोगी डिस्क इतकी अडखळत नाही.

मंगळवार, ११ मार्च

संशय खरा ठरला. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी वाचल्या. पिवळा रंग, "सावधान". २१ हजार तास चाललेली डिस्क. ४० सेक्टर (डिस्कवरचे लहान तुकडे) खराब होऊन बदललेले आणि १८ "प्रलंबित". हे साधन हे आकडे सोळाच्या पायावर दाखवतं, त्यामुळे १८ म्हणजे आपल्या हिशेबाने २४ आणि ४० म्हणजे ६४. प्रलंबित म्हणजे डिस्कला जे तुकडे वाचता येईनात, पण ज्यांची आशा तिने अजून सोडलेली नाही. अशा तुकड्यापाशी ती पुन्हा पुन्हा घुटमळते आणि तेवढा वेळ सगळा संगणक तिच्या तोंडाकडे बघत थांबतो.

म्हणजे आपण ज्याला मंदपणा म्हणत होतो, तो डिस्कचा आजार होता.

कामाचा क्रम इथेच बदलला. वेग बाजूला. आधी माल बाहेर काढायचा. २१४ पानांचे स्कॅन, बाबांच्या सहा वर्षांच्या टायपिंगच्या फाइली, लग्नाकार्यांचे फोटो. दुसरी प्रत कुठेही नाही. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारखान्यात दर शनिवारी प्रत काढते मी, आणि घरी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

बाबांना सांगितलं, आजपासून याला हात लावायचा नाही, चालूही करायचा नाही. त्यांनी वादविवाद न करता चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "कागद तर आहेत ना ट्रंकेत? मग मी पुन्हा बसेन." आई तोवर ट्रंक उघडून रुमाल मोजून आली होती. सगळे जागेवर.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते, कारण भाच्याने फोनवर तीच सुचवली : अशा वेळी चेकडिस्कची पूर्ण तपासणी लावायची नाही. ती डिस्कचा कोपरा न कोपरा वाचत सुटते. आजारी डिस्कला तासन् तास पळवायचं आणि मग माल काढायला जायचं, हा उलटा क्रम झाला. आधी प्रत, मग तपासणी.

गुरुवार, १३ मार्च

ड्यूटीवरून येताना १ टीबीची बाहेरून जोडायची डिस्क आणली. रात्री गल्लीत होळी पेटली, घरात मी रोबोकॉपी, म्हणजे विंडोजची फाइलींच्या प्रती काढायची आज्ञा, लावली. नुसतं ओढून टाकलं असतं तर पहिल्याच खराब फाइलशी अडकून बसलं असतं. रोबोकॉपीतही एक अट बदलावी लागते. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर न वाचता येणाऱ्या फाइलीवर ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. मी प्रयत्न एक आणि थांबणं एक सेकंद असं दिलं. मोडीचं फोल्डर पहिलं, टायपिंगचं दुसरं, फोटो शेवटी. डिस्क मध्येच गेली तर आधी काय हाताशी असायला हवं, या हिशेबाने.

संगणकाची बाजूची पत्र्याची झडप काढून टेबलफॅन समोर लावला. डिस्कवर हात ठेवला तर मध्येच कट्-कट् असा आवाज बोटांना जाणवत होता.

शुक्रवार, १४ मार्च, धुळवड

पहाटे पाचला संपली. हजारो फाइलींपैकी तीन आल्या नाहीत. दोन लग्नातले फोटो, ते ताईच्या फोनमध्ये आहेत. तिसरी, पान क्रमांक १४३.

बाबांना उठवून सांगितलं. बाकीची यादी त्यांनी बोटाने खालीपर्यंत वाचली आणि मग विचारलं, "१४३ म्हणजे तो तारखेचा कागद?" तोच. त्याचं टायपिंगही अर्धवटच होतं, कारण सालाचा शब्द त्यांना लागला नव्हता. मूळ कागद आहे, त्यामुळे नुकसान काही नाही. पण तो कागद घडीत इतका विरलाय की पुन्हा उघडायला नको, असं ठरवूनच बाबांनी तो इतका बारीक स्कॅन केला होता.

शनिवार, १५ मार्च

खरेदी, आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्वर मॉलमधून.

एसएसडी ५०० जीबी, अडीच इंची, साटा जोडणीची. भाचा म्हणाला होता एनव्हीएमई घे, दिसायला च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते आणि कितीतरी पट वेगवान असते. या बोर्डवर तिला खाचच नाही. इतकंच काय, एच-६१ वर साटा जोडणीही जुन्या पिढीची, सेकंदाला ३ गिगाबिटची. नव्या एसएसडीचा निम्मा वेग इथे वापरलाच जाणार नाही. दुकानात एकाने "मग कशाला घालता पैसे" असं विचारलं. उत्तर असं की आपली अडचण सलग वेगाची नव्हती, लहान तुकड्यांच्या ये-जा करण्याची होती, आणि तिथे जुनी जोडणी आड येत नाही.

८ जीबी डीडीआर-थ्री मेमरीची एक पट्टी. शिवाय सीआर-२०३२ सेल, थर्मल पेस्टची लहान सिरिंज. एसएसडीला तीन हजार, मेमरीला हजाराच्या आत, बाकी किरकोळ. बाहेरची डिस्क धरून सगळं दहा हजारांत बसलं.

रविवार, १६ मार्च

आईने वर्तमानपत्र अंथरलं, टॉर्च धरला. प्लग काढला, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, पत्र्याला हात लावून मगच आत हात घातला. मार्चच्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज मेमरीच्या पट्टीचा जीव घेऊ शकते.

आत बारा वर्षांची माळव्याची धूळ. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ती चटईसारखी बसली होती, चिमटीत धरून एका तुकड्यात निघाली. गच्चीत नेऊन ब्लोअर मारला. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर हवेने तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, उतरवला. पेस्टचा खडू झाला होता. जुनी पेस्ट पुसली, मटारएवढी नवी लावली. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मांडणीत, तापमान आधी ७१ अंश होतं, आता ४६.

सेल बदलला. हे चाळीस रुपयांचं काम एसएसडीच्या आधी करणं का गरजेचं होतं, तेही लिहिते. सेल मेलेला असला की मुख्य स्विच बंद होताच बायोसची मांडणी मूळपदावर येते. या बोर्डवर मूळपद म्हणजे डिस्कसाठी जुनी आयडीई पद्धत. एसएसडीला एएचसीआय ही नवी पद्धत हवी. एएचसीआयवर विंडोज बसवलं आणि दुसऱ्या दिवशी लाइट जाऊन बायोस आयडीईवर गेलं, तर विंडोज चढता चढता निळ्या पडद्यावर पडतं. मग माणूस नव्या एसएसडीला दोष देत बसतो.

मेमरी लावली. पडदा काळा. तीन बीप, पुन्हा तीन बीप. पट्टी काढली, सोनेरी दात खोडरबराने पुसले, दुसऱ्या खाचेत घातली. तेच. जुनी पट्टी परत लावली तर मशिन सुरळीत. म्हणजे दोष नव्या पट्टीचा. वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं : फक्त एएमडीच्या बोर्डसाठी. डीडीआर-थ्रीच्या स्वस्त ८ जीबी पट्ट्यांत हा प्रकार असतो. आतल्या चिपची रचना अशी असते की इंटेलचे बोर्ड तिला ओळखत नाहीत. जुन्या मशिनसाठी मेमरी घेणाऱ्याने ही ओळ दुकानातच वाचून घ्यावी.

सोमवारी शिफ्टहून परतताना बदलून आणली. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली. या वेळी ४ जीबीची, जुन्या पट्टीच्याच वेगाची. ४ आणि ४, दोन्ही खाचा भरल्या की मेमरीकडे जायचे दोन रस्ते एकाच वेळी चालतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या या मशिनला त्याचा उपयोग जास्तच होईल.

बुधवार, १९ मार्च, रंगपंचमी

सुट्टी टाकली होती. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघालेली, तो सगळा भाग रंगात. दुपारी भाचा डोक्यापासून पायापर्यंत गुलालाने माखून आला आणि आईने त्याला संगणकाच्या खोलीच्या उंबऱ्यावरच अडवलं.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवता आली असती. ती केली नाही. आजारी डिस्कवरून नक्कल म्हणजे तिचे अर्धवट वाचलेले तुकडेही नव्या घरात आणणं. विंडोज १० कोरं बसवलं. भाच्याच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बनवून घेतलं होतं. बसवताना जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवली, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. उत्पादन क्रमांक विचारला तेव्हा "माझ्याकडे नाही" निवडलं. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, इंटरनेट जोडताच तो आपोआप लागू झाला.

आकडे. डेस्कटॉप १९ सेकंद. काम करता येईपर्यंत ३३ सेकंद. पहिलं पान ३ सेकंद, चौथं पानही ३ सेकंद. बाबांनी चौथं उघडलं आणि सवयीने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, वाट बघायला. मग लक्षात आलं की ते उघडलंय.

शनिवार, २२ मार्च

आज एक चूक उघडी पडली, माझी. बाबांच्या सुरुवातीच्या फाइली उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. त्या फाइली जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहेत. युनिकोडमध्ये "क" हा सगळ्या संगणकांना "क" असतो. जुन्या फाँटमध्ये साठवलेलं असतं रोमन अक्षर, त्याला फक्त "क"चा मुखवटा चढवलेला असतो. फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. मी कागदपत्रांची फोल्डरं काढली, विंडोजच्या फोल्डरातले फाँट काढले नाहीत.

जुनी डिस्क एकदाच, शेवटची म्हणून, यूएसबीच्या डबीतून जोडली. देवाची कृपा म्हणावी, फाँटची फाइल डिस्कच्या धडक्या भागात होती. चार सेकंदांत आली. डिस्क काढून, तिच्यावर तारीख लिहून, ट्रंकेतच ठेवून दिली.

आता ठरवलंय की बाबांच्या या ३१ फाइली हळूहळू युनिकोडमध्ये उतरवायच्या. बाबा कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्टच वापरतात, युनिकोडलाही तीच चालते, त्यामुळे नवीन शिकायचं काही नाही. मोडी लिपीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे. हे कळल्यावर बाबांनी मोडीचा युनिकोड फाँट उतरवून घ्यायला लावला आणि पहिलं आजोबांचं नाव टंकलं.

रविवार, २३ मार्च

पान १४३ पुन्हा स्कॅन केलं. आईने कागद धरला, कारण तिचा हात सर्वांत हलका आहे. मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा ओढून मग त्यांना अक्षरं लटकवतात. घडीच्या जागी ती रेघ तुटलीय आणि नेमकं सालाच्या शब्दाचं डोकं त्या तुटीत गेलंय. कागद उचलला तेव्हा काचेवर दोन-तीन चमकते कण राहिले. शाई वाळवायला तेव्हा वाळू टाकत, ती अजून कागदाला धरून होती. बाबांनी ते कण बोटाच्या टोकाने उचलून परत रुमालात ठेवले.

यापुढची पद्धत ठरली. ६०० डीपीआयचा रंगीत मूळ स्कॅन जपून ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. वाचायला ३०० डीपीआयची करड्या छटेची प्रत, जी मेमरीत ९ एमबीच्याही आत बसते. अक्षर अडलं तरच मूळ उघडायचं. प्रती तीन ठिकाणी : एसएसडीवर, बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी पुण्याला ताईकडे. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. सतत जोडलेली राहिली तर विजेचा एक झटका दोन्हींना एकदम लागू शकतो.

शनिवार, २४ मे

उन्हाळा. बाहेर ४२. प्रोसेसर भरपूर कामातही ६६ अंशांच्या वर गेला नाही. लेख वेळेत गेला. त्यात १४३ क्रमांकाच्या कागदापुढे बाबांनी "साल अनिश्चित" असं लिहिलं. मला वाटलं होतं अंदाजाने एक साल घालतील. घातलं नाही.

"डिफ्रॅगमेंट करू का", म्हणजे डिस्कवरचे विखुरलेले तुकडे सलग लावू का, असं बाबा विचारत होते. एसएसडीला ते नको, उगाच लिहिण्याने ती झिजते. विंडोज स्वतःच तिला ओळखून ट्रिम करतं, म्हणजे कुठले तुकडे आता रिकामे आहेत ते तिला कळवतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

परवा, १४ तारखेला, विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती थांबते. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. आपला प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. आडवाटेने बसवता येतं, पण ज्या मशिनवर बाबांचं इतकं काम आहे, तिथे आडवाट नको. वाढीव एक वर्षासाठी नाव नोंदवलं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी मांडणी जोडून ठेवली की ते फुकट होतं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय झाली. तोवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजीची फुकट प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं. आजच्या चाचणीत इनस्क्रिप्ट आणि जुने फाँट चालले, स्कॅनर अजून बघायचाय.

हे चाललेलं असताना बाबांनी हाक मारली. पडद्यावर सात पानं उघडी होती, मोजली मी. मधोमध १४३, आणि भोवती त्याच लेखनिकाची सहा पानं. दिवाळीआधी ट्रंकेतला शेवटचा रुमाल सोडला होता, त्यातलं २२६ क्रमांकाचं पान नवीन स्कॅन केलेलं. त्यात "समान", म्हणजे अरबी मोजणीतला आठ, हा शब्द स्वच्छ आहे. स नंतर लेखनिक हात न उचलता मा मध्ये शिरतो आणि खाली एक छोटी गाठ पडते. १४३ वर तुटीच्या खाली नेमकी ती गाठ तेवढी उरलीय.

"तिसा नाही, समान आहे," बाबा म्हणाले. तिसा म्हणजे नऊ. समान अशर मयातैन व अलफ. आठ, दहा, दोनशे, हजार : जुन्या मराठी कागदांतला सुहूर सन १२१८. वर मोहरम महिना वाचता येतोच, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर १८१७. होळकर आणि इंग्रजांची महिदपूरची लढाई २१ डिसेंबरला झाली आणि मंदसौरचा तह जानेवारी १८१८ मध्ये. तिसा असतं तर हा कागद तहानंतरचा ठरला असता. तो लढाईच्या थोडं आधीचा आहे, आणि त्यात एका बैलजोडीचा सौदा आहे, आगाऊ दिलेल्या पैशांसकट.

बाबांनी "साल अनिश्चित" खोडून आकडा टंकला. मग आठवं पान उघडलं.